एक टक्क्याचा चित्रसंग्रह

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, नौदलाच्या वसाहतीला लागून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची लांबलचक इमारत समुद्रकाठी उभी आहे. गणित, भौतिकी, जीवशास्त्र, संगणकशास्त्र हे इथले विषय. २००२ पासून संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. बाहेरच्या माणसाला ती ठाऊक असते भारताच्या अणुविज्ञानाचे माहेरघर म्हणून. पण याच इमारतीच्या दालनांत, मार्गिकांत आणि कार्यालयांत आधुनिक भारतीय कलेच्या अडीचशेहून अधिक कलाकृती आहेत. हुसेन, गायतोंडे, रझा, आरा, तैयब मेहता, हेब्बर, कृष्ण खन्ना, जहांगीर साबावाला, बद्री नारायण, बी. प्रभा ही त्यांतली काही नावे. यांतली बरीच कामे हे चित्रकार तरुण, अनोळखी आणि पैशाने तंग असतानाची आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या चित्रकलेत काय घडत होते, हे एका छपराखाली पाहायचे तर इतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. हा संग्रह झाला कसा, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: होमी भाभा मोठे रसिक होते. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे; आणि त्या अपुऱ्या उत्तरावर समाधान मानल्याने आपल्या इतर शिक्षणसंस्थांचे नुकसान झाले आहे, असे मला वाटते. रसिक संचालक नशिबाने मिळतो असे एकदा ठरवले की मग कोणालाच काही करावे लागत नाही. या संग्रहाचा इतिहास नीट पाहिला तर त्यात रसिकतेइतकाच वाटा अंदाजपत्रकातल्या एका तरतुदीचा आणि जपून ठेवलेल्या कागदपत्रांचा आहे, आणि या दोन्ही गोष्टी कोणत्याही संस्थेला ठरवून करता येतात.

भाभांची रसिकता कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. १९०९ साली मुंबईच्या सुसंस्कृत पारशी घरात जन्मलेला हा मुलगा पाश्चात्त्य संगीत ऐकत आणि चित्रे काढत वाढला. जहांगीर लालकाकांकडे त्याने चित्रकलेचे धडे घेतले. केंब्रिजला गेल्यावर विषय भौतिकीचा झाला, तरी रेखाटनाची वही सुटली नाही; भाभांनी काढलेली समकालीन शास्त्रज्ञांची आणि कलावंतांची व्यक्तिचित्रे आजही पाहायला मिळतात. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली, १९४५ मध्ये ती बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईत आली. पण अशी आवड असलेली, आणि खिशात पैसा असलेली, माणसे त्या काळच्या मुंबईत आणखीही होती. ऑस्ट्रियातून नाझींपासून जीव वाचवून आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंजर, जर्मनीतून आलेले रुडी फॉन लायडन यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या गटाच्या तरुण चित्रकारांना आधार दिला, त्यांची चित्रे विकत घेतली, त्यांच्यावर लिहिले. या माणसांचे ऋण मराठी कलासमीक्षेने अजून पुरेसे मान्य केलेले नाही. तरीही खासगी संग्रहाचे आयुष्य मालकाच्या आयुष्याएवढेच असते. घर बदलते, वारस वाटणी करतात, चित्रे लिलावात जातात. भाभांनी घेतलेली चित्रे मात्र अजून एकत्र आहेत. ती घराच्या भिंतीवर न जाता संस्थेच्या हिशेबात गेली, हे त्याचे पहिले कारण.

आता त्या हिशेबाकडे येऊ. १ जानेवारी १९५४ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या इमारतीची कोनशिला बसली. शिकागोच्या होलाबर्ड अँड रूट या कंपनीचे वास्तुविशारद हेल्मुट बार्टश यांनी आराखडा केला होता. इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलाकृतींसाठी वापरण्याची परवानगी भाभांनी नेहरूंकडून मिळवली. वाचताना ही बाब किरकोळ वाटते, पण संग्रहाची सगळी वाढ तिच्यावर उभी आहे. शासकीय पैशाने चालणाऱ्या संस्थेत एखादे चित्र घ्यायचे तर प्रत्येक वेळी कोणीतरी विचारणार: याची गरज काय? या प्रश्नाला दर वेळी नव्याने उत्तर देत बसले तर वर्षाला दोन चित्रेही येणार नाहीत, आणि येतील तीसुद्धा वाद टाळणारी, म्हणजे बहुधा थोर पुरुषांची तैलचित्रे. एक टक्का ठरला की गरजेचा प्रश्न एकदाच आणि तत्त्वतः सुटतो. विजेच्या तारा, नळ, फरशी यांच्यासारखेच चित्रही इमारतीच्या अंदाजपत्रकातले एक कलम होते. शिवाय टक्का म्हणजे मर्यादाही असते. लेखापरीक्षकाला ती तपासता येते आणि रसिकाला ती ओलांडता येत नाही. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळा-महाविद्यालयांच्या बांधकामासाठी असाच एक टक्क्याचा नियम केला होता. म्हणजे ही कल्पना जगाला अपरिचित नव्हती. भारतात एका संशोधन संस्थेने ती इतक्या चिकाटीने पाळली, हे विशेष.

खरेदी सुरू झाली ती मात्र इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी, पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी. तेव्हा संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत होती. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली आणि मुंबईच्या चित्रकारांना प्रथमच हक्काची, मध्यवर्ती, भाड्याने मिळणारी जागा मिळाली. यॉट क्लबपासून ही गॅलरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खासगी गॅलऱ्यांचा धंदा अजून आकाराला यायचा होता. केकू गांधींची केमोल्ड गॅलरी उघडली ती १९६३ मध्ये, तोवर त्यांचे चौकटींचे दुकानच चित्रकारांचा अड्डा होते. चित्रे काही शे रुपयांना विकली जात आणि तीही सहसा विकली जात नसत. अशा बाजारात नियमाने येणारा, दरवर्षी येणारा, पैसे वेळेवर देणारा ग्राहक म्हणजे चित्रकाराच्या दृष्टीने काय असेल, याची कल्पना करता येते. ग्रिंडलेज बँकेत नोकरी करत चित्रे काढणाऱ्या कृष्ण खन्नांची अगदी सुरुवातीची विक्री याच संस्थेला झाली. गायतोंडे तेव्हा फारसे बोलत नसत आणि त्यांची चित्रे त्यांच्याहून कमी बोलत. नागपुरात जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या या चित्रकाराचे अमूर्ताकडे वळणे अनेक जाणकारांनाही उमजत नव्हते, त्या काळात त्यांची कामे इथे घेतली गेली. मला या खरेदीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही: निकाल लागण्याआधी ती झाली. कोणता चित्रकार मोठा ठरणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे संग्रहात पुढे विस्मरणात गेलेल्या चित्रकारांचीही कामे आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तीही तितकीच हवी असतात. फक्त यशस्वी नावे गोळा करणारा संग्रह त्या काळाविषयी खोटे बोलतो.

१५ जानेवारी १९६२ रोजी नेहरूंनी नव्या इमारतीचे उद्घाटन केले आणि मोठ्या भित्तिचित्राचा प्रश्न समोर आला. त्यासाठी निवडक चित्रकारांकडून आराखडे मागवले गेले आणि हुसेन यांची निवड झाली. सुमारे ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच असे त्यांचे ‘भारत भाग्य विधाता’ तळमजल्याच्या दर्शनी दालनात १९६४ पर्यंत पूर्ण झाले. भिंतीची जागा, तिची लांबी, समोरून चालत जाणाऱ्या माणसाची नजर हे सारे लक्षात घेऊन केलेले हे काम आहे. दुसरीकडे नेले तर त्याचा अर्धा अर्थ हरवेल. संग्रह वाढण्याच्या दोन रीती इथे शेजारी शेजारी दिसतात: प्रदर्शनातून निवडून आणलेले चित्र आणि जागेसाठी करवून घेतलेले चित्र. पहिल्या रीतीत संस्था परीक्षक असते. दुसऱ्या रीतीत ती चित्रकाराची भागीदार होते, आणि त्यात धोका जास्त असतो, कारण काम मनासारखे उतरले नाही तरी भिंत बदलता येत नाही.

या शहरात चित्रांचे आणि शिक्षणाचे नाते याहून कितीतरी जुने होते, आणि तिथे काय घडले तेही पाहायला हवे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तिथे चित्रे विकत आणावी लागत नव्हती. ती रोज घडतच होती. विद्यार्थ्यांची पारितोषिकप्राप्त कामे, शिक्षकांची प्रात्यक्षिके, अभ्यासासाठी केलेल्या प्रती अशी भर आपोआप पडत गेली. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले आणि ते १८८५ पर्यंत, मधल्या खंडासह, चालले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या लेण्यांत अपुऱ्या उजेडात, मधमाश्या आणि वटवाघळांच्या सोबतीने काम करत होते. त्या प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या. ही पहिली आग नव्हती. रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षे खपून केलेल्या आधीच्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. ज्यांनी त्या केल्या, ज्यांना त्या शिकण्यासाठी हव्या होत्या, त्यांच्यापासून दूर नेऊन ठेवलेल्या चित्रांची काळजी घेणारे कोणी जवळचे उरत नाही. हा या दोन आगींचा माझ्या मते खरा धडा आहे. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. गायतोंडे १९४८ मध्ये, तैयब मेहता १९५२ मध्ये याच कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांच्या उमेदीच्या वर्षांतली चित्रे पद्धतशीरपणे कोणी गोळा केली असतील तर भौतिकीच्या संस्थेने. जिथे चित्रे विपुल असतात तिथे त्यांची भर पडते, पण ती निवडण्याची आणि राखण्याची निकड वाटत नाही. जिथे प्रत्येक चित्रासाठी पैसे मोजावे लागतात तिथे पावती राहते, पत्र राहते, तारीख राहते.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप इथेच येईल. नियम, तरतूद, कागदपत्रे हे ठीक, पण नियम करवून घेणारा भाभाच होता ना? तो नसता तर एक टक्का कोणी मागितला असता? आक्षेप बिनतोड वाटतो, पण पुढचा इतिहास त्याला पुरेसे उत्तर देतो. २४ जानेवारी १९६६ रोजी मों ब्लांवरच्या विमान अपघातात भाभा गेले. संग्रह केवळ त्यांच्या आवडीवर उभा असता तर त्या दिवशी थांबला असता. तो थांबला नाही. त्यांच्यानंतरचे संचालक एम. जी. के. मेनन यांच्या काळातही खरेदी चालू राहिली आणि सत्तरीच्या दशकात शिरली. एका माणसाच्या सवयीचे संस्थेच्या रिवाजात रूपांतर झाले होते, एवढाच याचा अर्थ होतो. मग सत्तरीच्या दशकातच वाढ मंदावली आणि जवळजवळ थांबली, याचे काय? इथे मी अनुमान करतो आहे, पण ते मला सयुक्तिक वाटते: टक्का बांधकामाला जोडलेला होता. इमारत पुरी झाली, भिंती भरल्या आणि कलम संपले. देखभालीच्या किंवा वार्षिक खर्चाच्या एखाद्या लहानशा हिश्शाला तो जोडला असता तर ऐंशी-नव्वदीच्या दशकातली मुंबईही तिथे दिसली असती. म्हणजे या संग्रहाचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही एकाच नियमातून आलेली आहेत. रसिकांची वानवा त्या संस्थेत नंतर पडली, असे म्हणायला मला कोणताही आधार दिसत नाही.

वाढ थांबली की जपणुकीचा खरा काळ सुरू होतो, आणि त्याकडे इतिहासलेखकांचे सहसा लक्ष जात नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चित्रे ठेवायची म्हणजे वर्षातले चार महिने पाण्याने जड झालेल्या हवेशी झगडायचे. पावसाळ्यात मुंबईची सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. तैलचित्रांना ती साधारण पन्नास ते साठच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे स्थिर हवी असते. कॅनव्हास दमटपणात एका रीतीने वागतो, हवा कोरडी झाली की दुसऱ्या. लाकडी चौकट फुगते आणि आकसते. वरचा रंगथर मात्र वयोमानाने ताठर होत गेलेला असतो, त्याला ही ओढाताण सोसत नाही, आणि बारीक भेगा पडून पुढे पोपडे सुटतात. दिवसा चालू आणि रात्री बंद होणारी वातानुकूलन यंत्रणा या दृष्टीने वरदान ठरण्याऐवजी रोजचा एक झोका देते. कागदावरच्या कामांना बुरशी आणि कसर लागते. मागे लावलेला स्वस्त पुठ्ठा आम्लयुक्त असेल तर तो कागदाला पिवळा करतो. जलरंग आणि शाई उजेडाने उडतात, म्हणून संग्रहालये त्यांना पन्नास लक्सच्या आसपासच प्रकाश देतात, तर खिडकीशेजारच्या भिंतीवर त्याच्या कैक पट पडतो. यात त्या पिढीच्या परिस्थितीची भर आहे. पन्नाशीच्या दशकातल्या तरुण चित्रकारांच्या हाताशी उत्तम कॅनव्हास आणि महागडे रंग नव्हते. हार्डबोर्ड, प्लायवूड, हाती लागेल ते फळकूट, एकमेकांशी न जुळणारे रंग यांवर त्यांनी काम केले. चित्र जितके धाडसी तितके ते बऱ्याचदा तकलादू. ते राखणे हे जाणत्या संवर्धकाचे काम आहे. शिपायाने ओल्या फडक्याने पुसलेल्या तैलचित्राचे नुकसान पुढे कोणालाही पुरते भरून काढता येत नाही.

पण संवर्धक बोलवायचा तर आधी काय आहे, कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे कळायला हवे. इथे या संस्थेचे कागद उपयोगी पडले. भाभांचा पत्रव्यवहार आणि संस्थेची जुनी दफ्तरे राखणारे अभिलेखागार तिथे उभे राहिले; इतिहासकार इंदिरा चौधुरी यांचा त्यात पायाभूत वाटा आहे. चित्रांची दुरुस्ती, छायाचित्रे, यादी हे काम झाले आणि २०१० मध्ये मॉर्टिमर चॅटर्जी आणि तारा लाल यांचे या संग्रहावरचे पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यातल्या कामांचे प्रदर्शन भरले. चित्र कधी आले, कोणाकडून आले, कशासाठी आले हे सांगता येणे ही जपणुकीची पहिली पायरी आहे. ज्याचा ठावठिकाणा लिहिलेला नाही ते चित्र हरवले तरी हरवल्याचे कोणाला कळत नाही.

शेजारचेच उदाहरण घ्या. याच शहरात, याच काळात, याच टाटा वर्तुळातून निघालेला दुसरा मोठा संग्रह एअर इंडियाचा. त्याची सुरुवात १९५६ च्या सुमारास झाली आणि दिशाही तशीच होती: तरुण चित्रकारांची कामे घ्यायची आणि विमान कंपनीच्या देशोदेशीच्या कार्यालयांत लावायची. संख्या चार हजारांच्या घरात गेली, म्हणजे कुलाब्याच्या संग्रहाच्या पंधरा पटींहून अधिक. पण ही कामे जगभर विखुरली, कार्यालये बंद झाली, अधिकारी बदलले. २०१७ मध्ये काही कामे जागेवर नसल्याचे उघड झाले आणि चौकशी सुरू झाली. कंपनीचे खासगीकरण झाल्यावर २०२३ मध्ये हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचा करार झाला. रसिकतेत एअर इंडिया कुठेही कमी नव्हती, जे. आर. डी. टाटांच्या काळात तिने केलेली निवड थक्क करणारी आहे. फरक पडला तो चित्रे एका छपराखाली असण्याने आणि त्यांची विचारपूस करणारे लोक रोज त्यांच्या समोरून जाण्याने.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. अन्नधान्य आयात करणाऱ्या गरीब देशाने संशोधनासाठी दिलेल्या पैशातून चित्रे का घ्यावीत? यावर आजकाल दिले जाणारे उत्तर असे की त्या चित्रांच्या किमती आता कोट्यवधी झाल्या आहेत, म्हणजे सौदा फायद्याचाच ठरला. हे उत्तर मला मान्य नाही. किंमत वाढली म्हणून खरेदी योग्य, असे एकदा म्हटले की विकून टाकणे हेच तिचे तर्कशुद्ध टोक ठरते. तसे घडतेही. लिओन इलियास व्होलोदार्स्की या डॉक्टरांनी १९५४ मध्ये दिल्लीत हुसेन यांचे जवळपास १४ फूट लांबीचे ‘ग्रामयात्रा’ विकत घेतले आणि पुढे ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिले. ते तिथे दशकानुदशके भिंतीवर राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचा ठरला, आणि रुग्णालयाला मी दोष देणार नाही; चित्र त्याच्याकडे योगायोगाने आले होते, रुग्णालयाच्या घडणीशी चित्राचा संबंध नव्हता. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाची गोष्ट वेगळी. तिथल्या विश्वस्तांनी जानेवारी २००९ मध्ये आर्थिक अडचणीत आपले रोझ कलासंग्रहालय बंद करून चित्रे विकण्याचे ठरवले, तेव्हा देणगीदार, प्राध्यापक, विद्यार्थी सगळे उठले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये संग्रहालय चालू ठेवण्यावर तडजोड झाली. ती चित्रे त्या विद्यापीठाने स्वतः जाणीवपूर्वक जमवली होती. कुलाब्याचा संग्रह या दुसऱ्या जातीचा आहे. गरीब देशाने एक टक्का का खर्चावा याचे माझे उत्तर साधे आहे: नव्या देशात नवे विज्ञान करू पाहणारी माणसे आणि नवी चित्रे काढू पाहणारी माणसे एकाच वेळी, एकाच शहरात, सारख्याच अनिश्चिततेत काम करत होती, आणि राज्याने दोघांवरही निकाल लागण्याआधी विश्वास टाकला. शंभरातले नव्व्याण्णव रुपये विज्ञानाकडेच गेले.

तिसरा आक्षेप म्हणजे ही चित्रे संग्रहालयात असायला हवीत. याचे दोन भाग आहेत आणि दोन्हींना एकच उत्तर देता येत नाही. जपणुकीच्या दृष्टीने मार्गिकेपेक्षा संग्रहालय बरे, हे निर्विवाद. कागदावरची नाजूक कामे वर्षभर भिंतीवर असू नयेत. ती अंधाऱ्या, कोरड्या कोठारात राहावीत आणि आळीपाळीने थोडे थोडे महिने बाहेर यावीत, इथपर्यंत मी आक्षेपकाच्या बाजूने आहे. पण सगळाच संग्रह उचलून नेणे म्हणजे त्याचा इतिहास पुसणे होईल. ही चित्रे काम करणाऱ्या माणसांच्या सोबतीसाठी घेतली होती. गणितातला प्रश्न डोक्यात घोळवत जाणाऱ्या विद्यार्थ्याला रोज तेच गायतोंडे दिसावे, आवडो न आवडो, यात एक वेगळे शिक्षण आहे, आणि ते रविवारी तिकीट काढून मिळत नाही. दुसरा भाग मात्र मला निरुत्तर करतो. संस्था अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे, दारावर पहारा आहे, कोणीही उठून आत जाऊ शकत नाही. जनतेच्या पैशाने घेतलेली चित्रे जनतेला दिसत नाहीत. पुस्तक आणि एक मोठे प्रदर्शन यांनी ही भरपाई होत नाही. ठराविक दिवशी नोंदणी करून पाहण्याची सोय, कलाशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी नियमित भेटी, इतर शहरांतल्या प्रदर्शनांना चित्रे उसनी देणे, हे सगळे सुरक्षेला बाध न आणता करता येण्याजोगे आहे, आणि ते अधिक व्हायला हवे.

हे सगळे एका श्रीमंत, नामवंत संस्थेपुरते आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली कितीतरी महाविद्यालये आहेत. त्यांच्या सभागृहांत संस्थापकांची, देणगीदारांची, प्राचार्यांची तैलचित्रे आहेत. त्यांतली काही चांगल्या चित्रकारांच्या हातची असणार, कारण व्यक्तिचित्रण हेच इथल्या अनेक पिढ्यांच्या चित्रकारांचे पोट होते. अशी चित्रे सहसा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कपाटे, पंखे आणि खुर्च्या यांच्या रांगेत नोंदलेली असतात: ‘फोटो, मोठा, फ्रेमसह, नग १’. चित्रकाराचे नाव नाही, साल नाही, माप नाही. ज्या रजिस्टरात ती आहेत त्यातल्या वस्तू जुन्या झाल्या की निर्लेखित होतात, आणि रंगकामाच्या वेळी उतरवलेले चित्र गोदामात गेले की पुन्हा वर येतेच असे नाही. संग्रह नाही असे या संस्था म्हणतात. खरे तर संग्रह आहे, त्याची वेगळी वही नाही. त्या वहीला फार काही लागत नाही: प्रत्येक चित्राला एक क्रमांक, पुढून-मागून एक छायाचित्र, माप, माध्यम, सही असल्यास तिची नोंद, कोणी दिले, कधी आले, सध्या कुठे आहे, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, त्याची स्थिती. एखादा प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी एका सुट्टीत हे काम उरकू शकतात. आपण ज्या महाविद्यालयात शिकलात तिथे या दिवाळीच्या सुट्टीत जाऊन सभागृहातल्या चित्रांची नोंद कुठे आहे एवढे विचारा, आणि नोंद नसेल तर पहिले पान आपण लिहून द्या.